देव कोणाला पाहतो? : जर्मन तुरुंगसेवेतील अनुभव

ख्रिस्ती धर्मशास्त्रात देवाची सर्वज्ञता, म्हणजे घडून गेलेले, घडत असलेले, पुढे घडणारे आणि माणसाने मनातल्या मनात ठेवलेले असे काहीही देवापासून दडून राहत नाही हा विश्वास, बहुधा देवाच्या गुणांच्या विवेचनात मांडला जातो. आणि उत्तरदायित्व, म्हणजे प्रत्येक माणसाला आपल्या आयुष्याचा जाब देवापुढे द्यावा लागणार आहे ही शिकवण, अंतिम न्यायाच्या प्रकरणात येते. ग्रंथांत या दोन प्रकरणांमध्ये बरेच अंतर असले तरी तुरुंगात ती एकाच प्रश्नात एकत्र येतात, कारण तेथे देवाच्या नजरेविषयी विचारणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या गुन्ह्याविषयीच विचारत असतो. जर्मनीतील तुरुंगात पाळक म्हणून अनेक वर्षे केलेल्या सेवेतून प्रस्तुत लेखकाच्या हाती जे लागले ते या दोन शिकवणींच्या सांध्याविषयीचे आहे, आणि ज्या माणसांमुळे ते उमगले त्यांची ओळख पटणार नाही अशी काळजी येथे घेतली आहे.

जर्मनीत तुरुंगातील धर्मसेवा ही अधिकाऱ्यांची मेहेरबानी नसून घटनेने मान्य केलेला हक्क आहे. सैन्य, रुग्णालये आणि तुरुंग येथे जेथे गरज असेल तेथे धर्मसंस्थांना प्रवेश देणारे १९१९ च्या वायमार संविधानाचे १४१ वे कलम १९४९ च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे आजच्या जर्मन राज्यघटनेने, आपल्या १४० व्या कलमाद्वारे स्वीकारले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५३ व्या कलमानुसार धर्मसेवकाला त्या नात्याने जे सांगितले गेले असेल त्याविषयी न्यायालयात साक्ष देण्यास नकार देता येतो, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या संघाने २००९ साली स्वतंत्र नियम करून या गुप्ततेला चर्चच्या बाजूनेही बळ दिले. याचा व्यावहारिक परिणाम असा होतो की, तुरुंगात मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवक आणि कोठडीवरचे कर्मचारी या सर्वांच्या नोंदी कैद्याच्या फाइलीत जातात, पाळकाच्या खोलीत बोललेले मात्र कोणत्याही फाइलीत जात नाही. पाळकाच्या कमरेला स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा असतो, त्यामुळे तो कोणालाही न विचारता कोठडीपर्यंत जाऊ शकतो. कैद्यांच्या दृष्टीने ही गोष्ट त्याच्या झग्यापेक्षा मोठी असते.

कोठडीचे दार जाड असते आणि त्यात डोळ्याच्या उंचीवर एक लहानसे भोक असते, ज्याची पत्र्याची झडप फक्त बाहेरून उघडते. सकाळी दार उघडणारा कर्मचारी आत पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबतो आणि पांघरुणाखालून एखादा हात हलेल, एखादा हुंकार येईल याची वाट पाहतो. माणूस जिवंत आहे याची ही रोजची खातरजमा असते. दंतवैद्याकडे जायचे असो, आणखी एक पांघरूण हवे असो की पाळकाला भेटायचे असो, प्रत्येक गोष्टीसाठी एक चिठ्ठी भरावी लागते, जिला तेथे सगळे ‘आन्ट्राग’ म्हणतात. अशा ठिकाणी स्तोत्रसंहितेतील १३९ वे स्तोत्र वाचणे सोपे नाही. माणसाचे बसणे-उठणे देवाला ठाऊक आहे, आकाशात चढले किंवा अधोलोकात अंथरूण टाकले तरी तो तेथे आहेच, असा त्या स्तोत्राचा आशय असून घरी आणि रविवारच्या उपासनेत तो दिलाशाचा म्हणून ऐकला जातो. अहमदनगरच्या मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्या प्रस्तुत लेखकालाही लहानपणी तो तसाच शिकवला गेला होता, फक्त त्याच्या जोडीला एक सूचना असे, की कोणी पाहत नसताना वाईट वागू नये, कारण देव पाहतो.

बायबल वाचनाच्या एका गटात हे स्तोत्र वाचून झाल्यावर जेमतेम विशीतला एक तरुण म्हणाला की, यात नवीन काय, अंगणातला कॅमेराही हेच करतो. बाकीचे हसले, परंतु त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते, कारण त्या स्तोत्रातच पळून जाण्याची भाषा आहे आणि ती लिहिणाऱ्याला देवाची नजर काही काळ तरी जाचक वाटली असली पाहिजे. जर्मनीच्या विचारविश्वात या तरुणाचे पूर्वज थोर आहेत. र्‍योकेन या खेड्यात पाळकाच्या घरी जन्मलेल्या फ्रीड्रिख नीत्शेने आपल्या ‘झरथुष्ट्रा’ ग्रंथाच्या १८८५ साली छापलेल्या चौथ्या भागात सर्वांत कुरूप माणूस उभा केला आहे, ज्याने देवाला मारले ते देव सर्व काही पाहत होता, माणसाच्या तळातली घाणही त्याच्या नजरेतून सुटत नव्हती आणि असा साक्षीदार जिवंत राहणे त्याला सहन होत नव्हते म्हणून. मनोविश्लेषक टिलमान मोझर याने १९७६ साली लिहिलेल्या एका छोट्या पुस्तकात, लहानपणी मनात घातलेल्या सर्वसाक्षी देवाने आपले आयुष्य कसे विषारी केले याचा देवालाच उद्देशून जाब विचारला आहे. या दोघांना नास्तिक म्हणून बाजूला सारणे पाळकाला परवडणारे नाही, कारण ज्या देवाविरुद्ध ते बोलतात त्याची ओळख त्यांना चर्चच्या माणसांनीच करून दिली होती.

देशाच्या पूर्व भागातून आलेल्या कैद्यांच्या बाबतीत तर या विषयाला आणखी एक पदर असतो. पूर्व जर्मनीत १९५० ते १९९० या काळात राज्यसुरक्षा मंत्रालयाने, ज्याला लोक ‘श्टाझी’ म्हणत, नागरिकांवर पाळत ठेवण्याचे काम अत्यंत चिकाटीने केले. शेवटी त्याचे सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते, खबरे वेगळेच, आणि मागे राहिलेल्या कागदपत्रांच्या फाइली एकापुढे एक ठेवल्या तर १११ किलोमीटर भरतात. पुढे या फाइली जपण्याचे आणि लोकांना दाखवण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले गेले तो योआखिम गाउक हा रोस्टोकचा पाळक होता, आणि १९९२ च्या जानेवारीपासून लोकांनी आपापल्या फाइली वाचायला सुरुवात केली. तुरुंगात भेटलेल्या एका वयस्क माणसाने अशी स्वतःची फाइल वाचलेली होती. आपण कधी कोणाच्या घरी गेलो, किती वाजता दिवा मालवला, हे सारे त्यात अचूक होते, असे त्याने सांगितले. आणि तरीही त्यात आपण कोठेच नव्हतो, असेही तो म्हणाला. त्याला धर्मशास्त्राचे शिक्षण नव्हते, परंतु पाळतीतून जमा होणारी माहिती आणि देवाचे जाणणे यांतला फरक त्याने एका वाक्यात सांगितला होता. पाळत ठेवणाऱ्याला माणूस नको असतो, त्याला माणसाविरुद्ध काहीतरी हवे असते; शास्त्र ज्या जाणण्याविषयी बोलते ते निर्माण करणाऱ्याचे जाणणे आहे, आणि म्हणूनच स्तोत्रकर्ता त्याच स्तोत्रात आईच्या उदरातील आपल्या घडणीकडे वळतो.

हा फरक सांगितला की प्रश्न सुटला असे पहिली काही वर्षे वाटत राहिले. देव म्हणजे पहारेकरी नव्हे, तो प्रेमाने पाहतो, हे वाक्य कैद्यांना आवडत असे आणि पाळकालाही ते उच्चारायला सुखाचे होते. मात्र त्याचा एक परिणाम हळूहळू लक्षात येऊ लागला. गंभीर गुन्ह्यासाठी दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणारा एक माणूस या वाक्याच्या आधाराने इतका शांत झाला की गुन्ह्याचा विषय निघताच तो म्हणे, देवाला सर्व ठाऊक आहे, त्याने क्षमा केली आहे, आता मध्ये कोणी पडू नये. जर्मन दंडसंहितेत १९९४ पासून ४६अ या कलमाने गुन्हेगार आणि पीडित यांच्यातील समेटाला मान्यता दिली आहे, ज्यात तिसऱ्या व्यक्तीच्या मध्यस्थीने दोन्ही पक्षांच्या संमतीने संवाद आणि भरपाई घडवली जाते. शिक्षा लागल्यानंतरही अशा संवादाचे मार्ग काही तुरुंगांत उपलब्ध असतात. त्याच्या गुन्ह्यात ज्यांचे नुकसान झाले त्या कुटुंबाने तशी इच्छा कळवली होती. त्याने नकार दिला, आणि नकाराचे कारण म्हणून देवाची सर्वज्ञता पुढे केली. त्याच्या हिशोबात देव आणि तो असे दोघेच होते.

वळण आले ते दुसऱ्याच एका गटात, ५१ वे स्तोत्र वाचताना. दावीद राजाने बथशेबेला आपल्याकडे आणले, तिचा नवरा आणि आपलाच इमानी सैनिक उरीया याला लढाईच्या तोंडी देऊन मारवले, आणि नाथान संदेष्ट्याने एका गरीब माणसाच्या मेंढीची गोष्ट सांगून त्याच्या तोंडून त्याच्याच विरुद्ध निकाल वदवून घेतला, ही कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ५१ वे स्तोत्र त्या प्रसंगानंतरचे दाविदाचे पश्चात्तापाचे गीत मानले जाते, आणि त्यात तो देवाला म्हणतो की आपण पाप केले ते केवळ देवाविरुद्ध. भाष्यकारांनी यावर पुष्कळ लिहिले आहे, आणि प्रत्येक पाप अखेर देवाविरुद्धच असते हा त्यांचा खुलासा चुकीचाही नाही. परंतु एरवी गप्प बसणाऱ्या एका कैद्याने पुस्तक मिटून विचारले की, यात उरीया कुठे आहे? खून केल्याबद्दलच तो आत होता आणि त्याच्या प्रश्नात टीकेचा सूर मुळीच नव्हता. तो खरोखरच पानावर ते नाव शोधत होता.

त्या प्रश्नानंतर सर्वज्ञतेविषयीचे बायबलमधील उतारे नव्या क्रमाने वाचावे लागले, आणि एक गोष्ट ठळकपणे दिसली. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाला पाहणारा देव म्हणून प्रथम नाव देते ती हागार, म्हणजे सारेच्या छळाला कंटाळून रानात पळून गेलेली गरोदर दासी. तिच्या दृष्टीने देव पाहतो याचा अर्थ आपल्यावर झालेला अन्याय कोणाच्या तरी डोळ्यांसमोर आहे असा आहे. त्याच पुस्तकात त्याआधी काइनाने आपला भाऊ हाबेल याला शेतात ठार केल्यावर देव त्याला काय केलेस हे विचारण्याच्याही आधी, भाऊ कोठे आहे, असे विचारतो, आणि मग जमिनीतून वर येणाऱ्या रक्ताच्या हाकेविषयी बोलतो. देवाची नजर अपराध्यावर रोखलेली आहे असे समजून नीत्शेपासून अंगणातल्या कॅमेऱ्याविषयी बोलणाऱ्या त्या तरुणापर्यंत सर्वांनी तिला विरोध केला, परंतु या उताऱ्यांत ती आधी ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर असते. अपराध्याला देवाकडे पाहायचे असेल तर देव जिकडे पाहतो तिकडे त्याला पाहावे लागते, आणि तेथे हाबेल पडलेला असतो. चित्रगुप्ताच्या वहीची कल्पना मराठी मनाला परिचित आहे, आणि सर्वज्ञतेचा अर्थ लावताना मराठी ख्रिस्ती घरांतही नकळत तीच वही डोळ्यांपुढे येते. पण वहीत कर्म करणाऱ्याच्या नावावर कर्माची नोंद पडते, आणि ज्याच्यावर ते घडले तो त्या नोंदीत एक तपशील होऊन राहतो. शास्त्रातील उत्तरदायित्व वेगळे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत होत गेले ते याच जागी.

उरीयाचे नाव गाळून केलेली पापकबुली ही काही एकट्यादुकट्या कैद्याची गोष्ट नाही, जर्मनीतील चर्चच्या इतिहासातच तिचे मोठे उदाहरण आहे. महायुद्ध संपल्यावर १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे पुढारी श्टुटगार्ट येथे जमले आणि परदेशांतून आलेल्या चर्चच्या प्रतिनिधींसमोर १९ तारखेला त्यांनी आपल्या अपराधाची कबुली देणारे निवेदन सादर केले, ज्यात आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अशा अर्थाचा स्वदोष होता. ते निवेदन सोपे नव्हते. उपाशी आणि उद्ध्वस्त झालेल्या देशातील पुष्कळ लोकांना ते शत्रूपुढे घातलेले लोटांगण वाटले आणि चर्चकडे संतापाची पत्रे आली. तरीही त्या मजकुरात ज्यू लोकांचा उल्लेख नव्हता. तो अपराध चर्चच्या महासभेने नाव घेऊन मान्य केला तो १९५० च्या एप्रिलमध्ये, बर्लिनच्या वाइसेनझे भागात भरलेल्या बैठकीत. नाव उच्चारायला जवळजवळ साडेचार वर्षे लागली, आणि तीही ज्यांना देवाच्या सर्वज्ञतेविषयी जन्मभर प्रवचने करण्याचा सराव होता अशा माणसांना, ही बाब तुरुंगातील माणसाकडे अधीरतेने पाहणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

श्टुटगार्टच्या त्या पुढाऱ्यांपैकी मार्टीन नीमोलर याचा अनुभव कैद्यांना विशेष भिडतो, कारण त्याचे मूळ तुरुंगाच्या रोजच्या व्यवहारातल्या एका गोष्टीत आहे : अलिबाय, म्हणजे गुन्हा घडला तेव्हा आपण तेथे नव्हतो याचा पुरावा. नीमोलर हा पहिल्या महायुद्धात पाणबुडीचा कप्तान होता, पुढे बर्लिनच्या दालेम भागात पाळक झाला, सुरुवातीला त्याने हिटलरच्या पक्षाला मतही दिले, आणि नंतर चर्चच्या स्वातंत्र्यासाठी विरोधात उभा राहिल्यामुळे १ जुलै १९३७ रोजी त्याला अटक झाली. झाक्सेनहाउझेन आणि दाखाउ या छळछावण्यांत तो १९४५ पर्यंत हिटलरचा खास कैदी होता. युद्धानंतर पत्नीसह दाखाउला परत गेला असता दहनभट्टीपाशी लावलेल्या फलकावर त्याने १९३३ ते १९४५ हा कालावधी वाचला. १९३७ पासून पुढच्या वर्षांचा अलिबाय आपल्याजवळ आहे, पण १९३३ ते १९३७ या काळात तू कोठे होतास असे देवाने आपल्याला विचारले आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ नव्हते, असे तो नंतर आपल्या व्याख्यानांतून सांगत असे. न्यायालयाच्या दृष्टीने त्याच्यावर कोणताही आरोप नव्हता, उलट तो स्वतःच अन्यायाचा बळी होता. फलकावरच्या तारखा मेलेल्यांच्या होत्या, आणि त्यांच्या बाजूने पाहिल्यावरच त्याला आपला हिशोब अपुरा दिसला.

याच नजरेची दुसरी बाजू बर्लिनच्या टेगेल तुरुंगात हाराल्ड प्योलखाउ या पाळकाच्या कामात दिसते. १९३३ च्या एप्रिलपासून तो तेथे नेमणुकीवर होता आणि मृत्युदंड झालेल्या हजाराहून अधिक माणसांच्या शेवटच्या तासांत त्याने सोबत केली. त्याच वेळी तो आणि त्याची पत्नी डोरोटे ज्यू लोकांना लपण्यासाठी जागा मिळवून देत होते, आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे कैदेत असलेला हिटलरविरोधक हेल्मुट फॉन मोल्टके आणि त्याची पत्नी फ्राया यांची पत्रे तो आपल्या अंगावरून तुरुंगाच्या आत-बाहेर नेत होता. सरकारी नोकर असूनही सरकारच्या नजरेआड त्याने जे केले ते कधीही उघडकीस आले नाही. १९७१ साली इस्रायलच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने पतिपत्नींचा गौरव केला. देव पाहतो या वाक्याने माणूस केवळ भेदरतो असे नाही, झडपेतून पाहणाऱ्या सत्तेची भीतीही त्याने कमी होऊ शकते, हे येथे दिसते. मात्र तेव्हाही देवाची नजर जेथे होती तेथे, म्हणजे फाशीच्या वाटेवरच्या माणसावर आणि तळघरात दडलेल्या कुटुंबावर, पाळकाची नजर होती.

तुरुंगातील बोलण्याला एक अडचण कायमची असते. जन्मठेपेच्या कैद्यालाही पुन्हा स्वातंत्र्य मिळण्याची खरी आशा असली पाहिजे असा निर्णय जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने २१ जून १९७७ रोजी दिला, त्यानंतर किमान १५ वर्षांनी सशर्त सुटकेचा विचार करण्याची तरतूद झाली, आणि हा निर्णय माणुसकीचा आहे याविषयी दुमत नसावे. परंतु त्यामुळे पश्चात्तापाला किंमत आली. पोलीस, वकील, तज्ज्ञ आणि सुटकेचा विचार करणारे न्यायाधीश यांच्यापुढे एकच हकिकत इतक्या वेळा सांगावी लागते की प्रत्येक ऐकणाऱ्याला पटेल असा तिचा एक पाठ तयार होतो, आणि शेवटी सांगणाऱ्यालाही मूळ काय होते ते सापडेनासे होते. ज्याच्या हातात सुटका नाही आणि ज्याला सर्व आधीच ठाऊक आहे अशा श्रोत्यापुढे मात्र तो पाठ चालत नाही. एका माणसाने पाळकाच्या खोलीत प्रार्थनेला सुरुवात केली आणि तीन वाक्यांनंतर तो थांबला, कारण आपण मूल्यांकन अहवालातील भाषा बोलत आहोत हे त्याचे त्यालाच जाणवले. त्यानंतर त्याने फक्त मेलेल्या माणसाचे नाव घेतले, आणि त्या आठवड्यात अधिक काही झाले नाही. पुढे अनेक महिन्यांनी त्याने त्या माणसाविषयी, त्याला मासेमारीची आवड होती अशा साध्या गोष्टी, सांगायला सुरुवात केली; खटल्याच्या कागदांत त्या नव्हत्या.

या अनुभवांमुळे सेवेच्या पद्धतीत बदल झाला. ‘देव पाहतो’ हे वाक्य ताकीद म्हणून वापरणे बंद झाले, आणि ‘देव क्षमा करतो’ हे वाक्य ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा उल्लेख येण्याआधी उच्चारायचे नाही असे ठरले. नोव्हेंबरमधला पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा बुधवार, जो दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू करताना मालकांवर पडणारा भार भरून काढण्यासाठी १९९५ पासून झाक्सन सोडून इतर सर्व राज्यांत सार्वजनिक सुट्टी म्हणून बंद झाला, तुरुंगात मात्र पाळला जातो, आणि त्या उपासनेत पीडितांसाठीची प्रार्थना आता पापकबुलीच्या आधी येते. काही कैदी तेवढ्या वेळापुरते उठून बाहेर जातात. त्यांना थांबवले जात नाही. जे मुळात स्वतःच आधी बळी होते, लहानपणी घरात किंवा संस्थेत ज्यांच्यावर अत्याचार झाले, त्यांच्यासाठी ही प्रार्थना दोन्ही अंगांनी लागू पडते; त्यांच्यापैकी कित्येकांना आपल्यावर झालेले कोणीतरी पाहिले आहे हे कळल्याखेरीज आपण केलेले पाहण्याचे बळ येत नाही, आणि या क्रमाला घाई करून उपयोग होत नाही.

अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे, कारण जर्मनीतील कैद्यांचे वय वाढत चालले आहे. झिंगेन या गावात तर १९७० पासून केवळ वृद्ध कैद्यांसाठीचा तुरुंग आहे. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्यांपैकी काहींना स्मृतिभ्रंश होतो. असा एक म्हातारा पाळक भेटायला आला की दर वेळी विचारत असे, आपण येथे का आहोत. ज्याला आपले कृत्य आठवत नाही त्याने जाब कशाचा द्यायचा, आणि देवाला आठवते म्हणून माणसाला ते पुन्हा सांगावे काय, यावर कोठडीवरचा कर्मचारी, डॉक्टर आणि पाळक यांच्यात बराच वाद झाला. कर्मचाऱ्याचे म्हणणे असे होते की दर आठवड्याला त्याला नव्याने धक्का देणे ही शिक्षेवरची शिक्षा आहे, आणि या आक्षेपाचे पूर्ण निरसन आजही झालेले नाही. अखेर असे ठरले की आपण होऊन काही सांगायचे नाही. त्याने विचारले तर गुन्ह्याचे वर्णन न करता एवढेच सांगायचे की त्याच्या हातून एक बाई मेली, आणि तिचे नाव सांगायचे. नाव ऐकल्यावर तो कधी रडे, कधी काहीच बोलत नसे, आणि काही वेळा तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगे, जणू ती दुसऱ्या कोणाच्या हातून गेली होती. ती प्रार्थना केली जाई.